तंबोऱ्याचे माहेर

आमच्या लहानपणी कोणी मिरजेला निघाले, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "कोण आजारी आहे?" नागपूर म्हटले की संत्री, सोलापूर म्हटले की चादर, सातारा म्हटले की कंदी पेढे, तसे मिरज म्हटले की दवाखाना. एकोणिसावे शतक संपता संपता अमेरिकन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे रुग्णालय काढले आणि दूरदूरच्या दुखण्यांची पावले त्या गावाकडे वळली. जुन्या माणसांच्या मनातून ते अजून गेलेले नाही. गेल्या वर्षी भाद्रपदात मी मिरजेला निघालो, तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून तोच प्रश्न केला.

"तंबोरा," मी म्हणालो.

काकूंना अलीकडे जरा कमी ऐकू येते. "असू दे हो," त्या म्हणाल्या, "मिरजेचा गुण येतो म्हणतात."

सरकारी कागदांत आमचे गाव शिरूर. लोकांच्या तोंडी ते घोडनदी. नदीच्या काठी वसलेले बाजाराचे गाव. येथे आगगाडी नाही. गाडीची शिटी ऐकायची हौस असेल तर दौंडला जावे. गाण्याशी आमच्या तालुक्याचे नाते काय, असे विचाराल तर जत्रेजत्रेतून ढोलकी कडाडत आली आहे, आणि पाबळला मस्तानी कायमची निजली आहे. पण बैठकीचे गाणे, चार तारांच्या आधाराने बसून गायचे गाणे, आमच्या गल्लीत एकाच घरात होते. ते घर आमचे आणि ते गाणे आत्याचे.

आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. लग्नापूर्वी ती थोडेफार गाणे शिकली होती. परतल्यावर तिने तोंडातून सूर काढला नाही. काढावा असे कोणी म्हटलेही नाही. माझे वडील एका अडत्याकडे दिवाणजी होते. मोजके बोलणारा माणूस. १९५८ च्या दिवाळीआधी ते कोणाला काही न सांगता चार दिवस कोठेसे जाऊन आले. भाऊबीजेला, विधवा बहिणीने ओवाळावे की नाही, यावर माजघरात कुजबुज चालली असताना त्यांनी स्वतःच पाट मांडला, त्यावर बसले आणि म्हणाले, "ओवाळ." ओवाळणी ताटात मावण्यासारखी नव्हती. त्यांनी ती भिंतीआडून आणली आणि आत्याच्या मांडीवर आडवी ठेवली. मिरजेचा तंबोरा. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आत्या रडली नाही. तिने खुंट्यांवरून हात फिरवला आणि तबकातले निरांजन विझू नये म्हणून ते बाजूला सरकवले, एवढेच मला आठवते.

पुढची तेहतीस वर्षे आमच्या घरातली पहाट त्या तंबोऱ्याने उजाडली. आत्या कधी सभेत गायली नाही, रेडिओवर गायली नाही. माजघरात, दार लोटून, अर्धा-पाऊण तास. १९९१ साली ती गेली. तंबोरा काही दिवस कोपऱ्यात उभा राहिला, मग खोळीत गेला, मग माळ्यावर. तो खाली आला तेव्हा भोपळ्याला बोटभर रुंद चीर पडली होती आणि दोन तारा मोडून लोंबत होत्या. सून म्हणाली, पुसून कोपऱ्यात ठेवला आणि वर दिवा लावला तर बैठकीच्या खोलीला शोभा येईल. सल्ला वाईट नव्हता. पण माझी नात गाणे शिकते. फोनमधला तंबोरा लावून रियाझ करते. तिने त्या चिरेत डोळा घालून पाहिले आणि विचारले, "आजोबा, हा वाजत का नाही?" शोभेच्या वस्तूला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी गोधडी काढली, तिच्यात तंबोरा गुंडाळला आणि त्याला माहेरी न्यायचे ठरवले.

तंबोरा घेऊन प्रवास करणे म्हणजे एखादी अबोल, मानी बाई सोबत घेऊन प्रवास करणे आहे. तिला टेकून बसता येत नाही, तिच्यावर कोणाला टेकू देता येत नाही. एस.टी.च्या कंडक्टरने गोधडीकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं अर्धं तिकीट. आणि ह्या बाई असतील तर त्यांचंही अर्धंच." सारी गाडी हसली, तंबोरा मात्र गंभीर राहिला. पुण्यापासून कोल्हापूरची गाडी. वडील गेले तेव्हा ही मीटरगेजची वाट होती. जेजुरी, नीरा, सातारा, कऱ्हाड करीत गाडी किर्लोस्करवाडीला आली आणि कृष्णाकाठची काळी माती खिडकीत दिसू लागली. मग सांगली. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. आणि तेथून हाकेच्या अंतरावर मिरज.

मिरजेत रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागला नाही. त्याने गोधडीचा आकार पाहिला आणि सतारमेकर गल्लीची वाट धरली.

कलेची पेठ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काही तरी सजलेले उभे राहते : कमानी, भित्तिचित्रे, कोठूनसा येणारा आलाप. या गल्लीत तसे काही नाही. साधी घरे, दारात दुचाक्या, वर वीजतारांचे जाळे. पण नीट पाहू लागलो, तसे छपराला टांगलेले भोपळे दिसले. मग पायरीवर उन्हात ठेवलेली एक दांडी. आलाप नाहीच, कानी येते ती रंध्याची खरखर, कानशीची किरकिर आणि मध्येच एक तार, दोनदा छेडलेली आणि समाधान न झाल्याने थांबवलेली. गाणे जेथे जन्मते तेथे गाणे ऐकू येत नाही, ही पहिली गोष्ट मला तेथे कळली.

या गल्लीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. येथली घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे. मिरजेला किल्ला होता, आदिलशाही होती, पुढे पटवर्धनांचे संस्थान झाले; हत्यारांना तोटा नव्हता. मग कंपनी सरकार आले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला जी पलटण लढली, ती आमच्याच शिरूरच्या छावणीतून निघाली होती. त्या वर्षी पेशवाई संपली आणि मराठी मुलखातल्या किती तरी शिकलगारांच्या सहाणा हळूहळू थंडावल्या. तलवारच म्यानातून निघेना, तर धार कशाला? मिरजेच्या संस्थानात गवई-वादकांचे येणे-जाणे असे. त्यांची वाद्ये लांब उत्तरेतून आलेली. बिघडली तर दुरुस्त कोण करणार? १८५० च्या सुमारास ते काम फरीदसाहेब शिकलगारांच्या हाती आले. दुरुस्त करता करता त्यांनी जुन्याचे मर्म ओळखले आणि नवे घडवले, असे गल्लीत सांगतात. पुढे आडनावच सतारमेकर झाले. ज्या हाताला पोलादाची धार बोटाने कळत होती, त्या हाताला तारेखालचे केसभर अंतर कळू लागले. जगात तलवारीचे नांगर केल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. तलवारीची सतार केल्याची ही एवढीच मला ठाऊक आहे.

मी ज्या दारात उभा राहिलो, तेथे सत्तरीच्या आतबाहेरचा एक माणूस पायांत दांडी धरून बसला होता. त्याने मला बसा म्हटले, पण पाहिले तंबोऱ्याकडे. गोधडी आपल्या हाताने सोडली. चिरेवर बोट फिरवले, भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला. अगदी नाडी पाहिल्यासारखे.

"कुठनं आलायसा, गुरुजी?"

माझ्या तोंडावर मास्तरकी कोठे लिहिली आहे, कोण जाणे. मी म्हणालो, "घोडनदीहून."

"घोडनदी? मग घोडी तुमच्याकडनंच आली म्हणायची." आणि तो हसला. तंबोऱ्याच्या ज्या आडव्या पट्टीवरून तारा जातात तिला घोडी म्हणतात. माझ्या गावाच्या नावाने एवढ्या लांब विनोद व्हावा, याचे मला उगीचच बरे वाटले.

पण गावाचे नाते याहून जवळचे निघाले. भोपळा कोठून येतो, असे मी विचारले. तो म्हणाला, पंढरपूरच्या बाजूने, भीमाकाठच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे. कडू आणि जाड सालीचा. वेलावर पुरा वाळू द्यायचा, मग आणून महिनोन्‌महिने टांगायचा. कापताना पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतून काटक्यांचा ताण देऊन आकाराला आणायचा आणि पुन्हा वाळवायचा. वरची तबली आणि दांडी तुणीच्या लाकडाची. ते लाकूडही वर्षानुवर्षे मुरलेले हवे. हे ऐकताना माझ्या मनात आमची घोड नदी वाहत होती. ती पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे ज्या पाण्यात आत्या धुणे धुवायला जात होती, त्याच पाण्यातले थोडेसे कधी तरी पंढरपूरच्या वेलाला लागले असेल आणि भोपळा होऊन मिरजेच्या वाटेने तिच्या मांडीवर परत आले असेल. नदीचा असा प्रवास नकाशात दाखवत नाहीत.

"चीर बुजंल," तो म्हणाला. "आतनं पट्टी देतो, वरनं लाखेचं पॉलिश. पण हे आमच्या घरचं नव्हे. पानाची कोरणी बघा की. ही समोरच्या घरची."

दांडी जेथे भोपळ्याला मिळते तेथे कोरलेली पाने असतात. मला ती सारी सारखीच दिसली असती. त्याला त्यांत सही दिसत होती. समोरच्या ओट्यावर एक वृद्ध बाई सुपात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्याने तंबोरा उचलून दारातूनच दाखवला. "भाभी, कोणाचा हात?"

बाईंनी सूप खाली ठेवले, पदर सावरला आणि डोळे बारीक केले. "सासऱ्यांचा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्या घरात आता वाद्ये होत नाहीत. नातू फोन दुरुस्त करतो. बारीक काम आहे, हात चांगला आहे, असे कारागीर कौतुकाने सांगत होता. त्याचा स्वतःचा एक मुलगा त्याच्याजवळ बसतो, दुसरा नोकरीला बाहेर आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाची राखण झाली, हे चांगलेच. पण नाव ज्याच्या आधाराने उभे आहे तो हात घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे थांबायला पोराचे पोट तयार नसते. मी फोनमधल्या तंबोऱ्याविषयी विचारले. मला वाटले, तो चिडेल. तो म्हणाला, "वाईट नाही हो. दमत नाही, उतरत नाही, प्रवासात बरा. पण त्याला ऐकायला येत नाही." मग त्याने समजावून सांगितले. गाणाऱ्याचा सूर बरोबर लागला, की खरा तंबोरा आपसूक घुमतो, भोपळा भरतो. सूर हलला, की तो उदास होतो. फोन मात्र तुम्ही कसेही गा, तसाच वाजतो. बरोबर सोबत करणे आणि ऐकून सोबत करणे, यांत एवढे अंतर आहे.

तंबोरा त्याच्याकडे सोडून मी संध्याकाळी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब येथे चिंचेच्या झाडाखाली बसून गात. उत्तरेतल्या कैरान्यात १८७२ साली जन्मलेला हा गवई मिरजकर झाला. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला, आणि त्यांना विसाव्यासाठी आणले ते येथेच, या दर्ग्याच्या आवारात. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. याच उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीताचा उत्सव असतो. देव कोणाचा, मान कोणाचा आणि वाद्य कोणी घडवले, याची येथे कधी एकमेकांशी भांडणे लागू नयेत, असे हे गाव आहे.

दवाखाना आणि गाणे यांची मिरजेत अशीच गाठ पडलेली आहे. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे गेल्यासारखे झाले. उपचाराला मिरजेत आणले. डोळे पुरते सुधारले नाहीत. पण त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू भेटला. पुढे १९०१ साली या शिष्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि शेवटचा श्वास १९३१ साली घेतला तो मिरजेतच. दिवाळीच्या दिवसांत फटाका पाहिला, की मला आता हे आठवते. मुलांच्या हातातली फुलबाजी थोडी लांब धरायला सांगतो.

पंधरा दिवसांनी, घटस्थापनेच्या आधी, मी परत गेलो. चीर अशी बुजली होती, की शोधावी लागली. नव्या तारा चढल्या होत्या : पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची पितळेची खर्जाची. "जवारी राहिलीय," कारागीर म्हणाला. "ती तुमच्यासमोर करायची म्हणून ठेवली. हे बघा."

त्याने घोडी माझ्या हातात दिली. तिच्या माथ्यावरच्या हाडावर चार बारीक खाचा पडल्या होत्या. तारा वर्षानुवर्षे घासून पडलेल्या. मधल्या दोन जरा जास्तच खोल.

"तेहतीस वर्षं वाजवलाय म्हणालात ना? ह्या त्यांच्या बोटाच्या खुणा. जवारी खुलायची तर माथा पुन्हा घासून सारखा केला पाहिजे. तार त्याच्यावर निसटती टेकली तरच झंकार येतो. खाचेत बसली तर मुकी." तो थांबला. "घासलं की ह्या जातील. विचारून घ्यावं म्हटलं."

मी घोडीवरून अंगठा फिरवला. आत्याचा फोटो आमच्याकडे एकच आहे, तोही एका लग्नातला, चेहरा अर्धा झाकलेला. तिचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित केला नाही. तिने जगावर काही ओढले असेल तर ते या चार रेघा. पहाटे दार लोटून, कोणी ऐकू नये आणि ऐकावेही, अशा बेताने. घोडी तशीच काचेच्या डबीत ठेवून नवी बसवता आली असती. त्यानेही ते सुचवले. पण ही घोडी वडिलांनी आणलेल्या तंबोऱ्याची होती, समोरच्या घरच्या हातची होती आणि तिच्यावरचे हाड अजून दोन जन्म पुरेल असे होते. वडिलांनी आत्याला जपून ठेवायला काही दिले नव्हते. वाजवायला दिले होते.

"घासा," मी म्हणालो.

त्याने कानस घेतली. एक हलकी ओढ, मग फुंकर, मग तार चढवून छेडणे, मान हलवणे, तार उतरवणे, पुन्हा ओढ. पांढुरकी पूड त्याच्या गुडघ्यावर पडली आणि त्याने ती झटकून टाकली. असे किती वेळा झाले, मोजले नाही. त्याच्यापुढे मोजायचे कोणतेही यंत्र नव्हते. ऐकणे हेच माप. मग त्याने तारेखाली सूत सरकवले, एक केस इकडे, एक केस तिकडे, आणि एकाएकी, बंद खोलीचे दार उघडावे तसा, आवाज उघडला. चार तारांतून चाराहून किती तरी जास्त सूर निघू लागले. खोलीत टांगलेले रिकामे भोपळेही ऐकत असल्यासारखे वाटले. मला गाता येत नाही. पण सहाव्या वर्षी गोधडीत पडल्या पडल्या ऐकलेली पहाट ओळखता येते.

"कुणाचा सूर?" त्याने विचारले.

"नातीचा. काळी चार."

त्याने खुंट्या पिळून, मणी सरकवून सूर मिळवला आणि डोळे मिटून वाजवत राहिला. गल्लीत एक दुचाकी गेली, कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. समोरच्या ओट्यावर बाईंचे सूप केव्हाच थांबले होते. आयुष्यात त्या कधी गायल्या असतील असे वाटत नव्हते. सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या पाठीमागे, चुलीजवळून, भिंतीआडून जे कानावर आले तेवढेच त्यांचे शिक्षण. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि तेथूनच म्हणाल्या,

"पंचम उतरलाय."

पन्नास वर्षे याच कामात गेलेल्या त्या माणसाने डोळे उघडले, पहिली तार एकटी छेडून पाहिली आणि निमूटपणे खुंटी किंचित वर पिळली.